कुत्र्याच्या कॉर्नियाची वक्रता मोजायची कशी

केराटोमीटर (कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजायचं मशीन) डोळ्यासमोर धरला, बटण दाबलं, आकडा आला. दिसायला इतकं सोपं आहे म्हणूनच हा आकडा केसपेपरवर बिनदिक्कत चढतो, मग त्यावरून बँडेज लेन्स (जखमेवर पट्टीसारखी बसवायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) मागवली जाते, ती दुसऱ्या दिवशी गळून पडते आणि सगळे म्हणतात कुत्र्याने पंजा मारला असेल. पंजा मारतातही, पण बऱ्याचदा मूळ आकडाच चुकलेला असतो. मशीन मोजतं ते डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरातलं प्रतिबिंब, त्यामुळे डोळा ओला असेल, सरळ असेल आणि कुणाचं बोट त्यावर दाबत नसेल तरच तो आकडा कॉर्नियाचा, नाहीतर तो तुमच्या पकडीचा आकडा. खाली जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर जिथून कुठून शिकत असाल किंवा शिकून प्रॅक्टिसला बसला असाल, तुमच्यासाठी आहे, आणि ज्यांचा कुत्रा डोळ्याच्या तपासणीला जाणार आहे त्यांनीही वाचा, तुमचं काम शेवटाकडे आहे.

आधी हे कशासाठी मोजायचं ते बघू कारण प्रत्येक आजारी डोळ्याला हे लागत नाही. साध्या लाल डोळ्याला, चिपडं येणाऱ्या डोळ्याला याची काही गरज नाही. गरज पडते मुख्यतः तीन ठिकाणी. एक, कॉर्नियावर न भरणारा वरवरचा अल्सर (जखम) आहे, बॉक्सरमध्ये तर सर्रास दिसतो, आणि त्यावर बँडेज कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची आहे. दोन, मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवायची आहे आणि कुत्रा फारच लहान किंवा फारच मोठा आहे किंवा डोळाच जन्मतः छोटा आहे, म्हणजे नेहमीची लेन्स चालेल का ते तपासायचंय. तीन, कॉर्नियावर टाके घातलेत किंवा वरचा थर खरवडून काढलाय आणि त्याने आकार किती बिघडला ते बघायचंय.

मोतीबिंदूवाल्यांसाठी थोडं सविस्तर. माणसाच्या डोळ्यात साधारण २०-२१ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे लेन्सच्या ताकदीचं एकक, चष्म्याचा नंबर असतो तेच) लेन्स बसते, कुत्र्याला जवळपास दुप्पट म्हणजे ४१ डायॉप्टरच्या आसपासची लागते, आणि लेन्स न बसवता तसंच सोडलं तर त्याला साधारण +१४ चा नंबर राहतो, म्हणजे समोरचं सगळं पुसट. कुत्र्याचा डोळा माणसापेक्षा आखूड असतो, मागेपुढे २०-२१ मिमी, माणसाचा २४, शिवाय आतली नैसर्गिक लेन्स जाड आणि मागे सरकलेली, म्हणून एवढी पॉवर. बहुतेक कुत्र्यांना ही ठरलेली ४१ ची लेन्स चालून जाते, म्हणून बरेच सर्जन मोजमापाच्या भानगडीत पडत नाहीत. पण डोळा वेगळा दिसत असेल तर मोजलंच पाहिजे, डोळ्याची लांबी अल्ट्रासाउंडने आणि वक्रता केराटोमीटरने. पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाशावर चालणारं बायोमीटर लांबी घेऊ शकत नाही पण केराटोमीटरला काही अडत नाही, कारण त्याला फक्त पुढचा पृष्ठभाग हवा असतो, मागे डोळा पांढराफटक असला तरी चालतं.

आता मशीन करतं काय. स्टीलच्या वाटीच्या पाठीवर ट्यूबलाइट कशी छोटी होऊन दिसते, वाटी जितकी जास्त गोल तितकी ती छोटी, तसंच हे. ठरावीक अंतरावरून ठरावीक मापाची वर्तुळं किंवा ठिपके कॉर्नियावर टाकायचे आणि प्रतिबिंब केवढं दिसतं ते मोजायचं, त्यावरून त्रिज्या निघते. अडचण अशी की डोळा कधीच स्थिर नसतो, मग हलत्या प्रतिबिंबावर पट्टी कशी धरणार. त्यावरची युक्ती आधी रॅम्सडेन नावाच्या इंग्रज यंत्रकाराने अठराव्या शतकाच्या शेवटी वापरली आणि जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० च्या दशकात ती सुधारली, प्रतिबिंब दुहेरी करायचं, दोन्ही एकत्रच हलतात, मग फक्त एकाची कड दुसऱ्याला टेकवायची. १८८१ मध्ये जावाल आणि श्योत्झ यांनी त्याचं दवाखान्यात वापरता येईल असं यंत्र केलं, आणि आजही हाताने चालवायचे केराटोमीटर त्याच तत्त्वावर आहेत. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हे सगळं मधल्या साधारण ३ मिमी भागापुरतं असतं. कुत्र्याचा कॉर्निया आडवा १५-१६ मिमी सहज असतो, त्यामुळे कडेला काय चाललंय हे हे मशीन सांगत नाही.

त्रिज्येवरून डायॉप्टर काढायचं सूत्र सोपं आहे, ३३७.५ ला मिमीमधल्या त्रिज्येने भागा. ८.५ मिमी असेल तर ३९.७ डायॉप्टर, ८.० असेल तर ४२.२, ९.० असेल तर ३७.५. त्रिज्या वाढली की कॉर्निया सपाट आणि डायॉप्टर कमी, हे उलटं नातं नवीन माणसाला पहिले काही दिवस गोंधळात टाकतं. माणसात सरासरी ४३-४४ डायॉप्टर असतं, कुत्र्यात ४० च्या आसपास, म्हणजे कुत्र्याचा कॉर्निया मोठा आणि सपाट. मोठ्या जातींत आणखी सपाट, छोट्या जातींत जास्त गोल, आणि पिल्लांमध्ये गोल असतो तो वाढीबरोबर सपाट होत जातो, त्यामुळे चार महिन्यांच्या लॅब्रॅडॉरचा आकडा मोठेपणी वापरू नका. आणि एक कळकळीची विनंती, केसपेपरवर नेहमी मिमी लिहा, डायॉप्टर हवं तर सोबत लिहा. कारण ३३७.५ मागचा १.३३७५ हा निर्देशांक माणसाच्या डोळ्यावरून सोयीसाठी ठरवलेला आहे (७.५ मिमीला बरोबर ४५ यावेत असा), आणि काही मशीन १.३३२ वापरतात. त्याच ८.५ मिमीच्या कॉर्नियाला एक मशीन ३९.७ म्हणेल आणि दुसरं ३९.१, कुत्रा तोच, डोळा तोच. खरं मोजलेलं असतं ते मिमी.

मशीन कुठलं घ्यावं असं विचाराल तर हातात धरायचं ऑटोकेराटोमीटर, निडेकचं केएम-५०० किंवा रेटिनोमॅक्स के-प्लससारखं, ज्याला कुत्र्याच्या तोंडापर्यंत नेता येतं. माणसांच्या ओपीडीतलं टेबलावरचं मशीन हनुवटी टेकवून बसणाऱ्यासाठी आहे, एखादा शहाणा लॅब्रॅडॉर बसेलही पण त्याच्यावर काम उभं राहत नाही. जुना बॉश अँड लोम्ब पद्धतीचा मॅन्युअल केराटोमीटर मिळाला तर शिकायला उत्तम आहे, त्यात वर्तुळं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात आणि डोळा कोरडा आहे हे लगेच कळतं, फक्त त्याची रेंज ३६ ते ५२ डायॉप्टर असते आणि एखाद्या अजस्र ग्रेट डेनचा कॉर्निया ३६ च्या खाली निघाला तर मशीनच्या पुढच्या भिंगावर -१.०० ची लेन्स लावून रेंज ३० पर्यंत खाली आणावी लागते, त्याचा रूपांतराचा तक्ता वेगळा असतो तो जवळ ठेवा.

मोबाईलवर रिंग लाइट लावून फोटो काढून त्रिज्या काढायची आयडिया बरेच जण विचारतात. हिशोब करून बघा. ६० मिमीची रिंग कॉर्नियापासून ७५ मिमीवर धरली तर ८.५ मिमी त्रिज्येवर तिचं प्रतिबिंब ३.२ मिमी दिसेल आणि ८.० वर ३.०. म्हणजे अख्ख्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला प्रतिबिंबात फरक जेमतेम ०.२ मिमी, आणि हातातलं अंतर नुसतं १ मिमीने चुकलं तरी उत्तर अर्धा डायॉप्टर हलतं. आकड्यासाठी हे नको. पण रिंग गोल दिसते का, कुठे तुटलीय का, फूल पडलंय तिथे वेडीवाकडी होते का, हे बघायला मात्र तो फोटो फार कामाचा आहे, प्लासिडो डिस्क (काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी) हेच करते. मी तर म्हणेन प्रत्येक डोळ्याचा एक असा फोटो आकड्यासोबत ठेवाच.

मशीन बरोबर आहे का ते तपासायला सोबत टेस्ट बॉल येतो. हरवला असेल तर बेअरिंगच्या दुकानातून नवीन, चकचकीत, क्रोम स्टीलचे गोळे आणा, ५/८ इंची आणि ११/१६ इंची. पहिल्याची त्रिज्या ७.९४ मिमी म्हणजे ४२.५ डायॉप्टर, दुसऱ्याची ८.७३ म्हणजे ३८.७ (१.३३७५ वाल्या मशीनवर). कुत्र्याचे बहुतेक डोळे या दोघांच्या आसपासच येतात त्यामुळे ही जोडी बेस्ट. क्लेमध्ये रोवून ठेवा, बोटांचे ठसे पुसा, आणि आठवड्यातून एकदा दोन्हीवर रीडिंग घ्या. मशीन सगळ्यात सपाट आणि सगळ्यात गोल अशा दोन दिशांचे आकडे देतं, गोळ्यावर त्या दोन आकड्यांत फरक दाखवत असेल तर मशीन सर्व्हिसला पाठवा.

आता कुत्रा.

क्रम सगळ्यात महत्त्वाचा. कुठलाही ड्रॉप घालायच्या आधी शर्मर टेस्ट, म्हणजे कागदी पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवून अश्रू मोजायचे, १५ मिमी किंवा जास्त आले तर डोळा ओला आहे. पट्टीने डोळा चुरचुरतो आणि पाणी येतं म्हणून नंतर दहा मिनिटं कुत्र्याला मोकळं सोडा, पाणी पिऊ द्या, फिरू द्या. मग केराटोमेट्री. त्यानंतर फ्लुरोसीन (अल्सर दाखवणारा रंग), त्यानंतर बधिर करायचा ड्रॉप आणि टोनोमीटरने डोळ्यातलं प्रेशर. हा क्रम उलटा केला की संपलं, बधिर ड्रॉपने पापणी लवणं कमी होतं आणि अश्रूंचा थर फाटतो, टोनोमीटर कॉर्नियाला टेकून जातो, आणि मग मशीन आकडा देतं तोसुद्धा अगदी ठामपणे. बाहुली मोठी करायचा ड्रॉपही नंतरच, नाहीतर मधोमध नेम धरणं अवघड होतं.

शर्मर १० च्या खाली आली तर मोजू नका असं मी म्हणत नाही, पण त्या आकड्यापुढे कोरडा डोळा असं लिहा आणि अश्रूंवरची ट्रीटमेंट सुरू होऊन डोळा ओला झाला की परत मोजा. अश्रू वाढवणाऱ्या सायक्लोस्पोरिन वगैरे औषधांना वेळ लागतो, लागू द्या, घाई नसलेल्या केसमध्ये थांबणं परवडतं.

खोली शांत आणि थोडी अंधारी ठेवा. टेबलाच्या बरोबर वर फिरणारा पंखा बंद करा, मे महिन्यातही, त्या पाच मिनिटांपुरता. वरून वारा येत असतो, कुत्रा भेदरून टक लावून बघत असतो, पापणी लवत नाही, आणि दहा सेकंदात कॉर्नियावर कोरडा डाग पडतो. धापा टाकत असेल तर थांबा. मोठ्या कुत्र्याला टेबलावर चढवायच्या फंदात पडू नका, तो जमिनीवर बसू दे आणि तुम्हीही जमिनीवर बसा, त्याने निम्मी भीती जाते.

धरायचं कसं हे नीट वाचा. पट्टा काढा किंवा सैल करा, शक्यतो हार्नेस. मानेवर दाब आला की डोळ्यातला दाब वाढतो. ज्याने धरलंय त्याचा एक तळवा हनुवटीखाली आणि दुसरा डोक्याच्या मागे, बस, थोबाड आवळायचं नाही. पापणी वर करावीच लागली तर अंगठा भुवईच्या हाडावर टेकवा आणि तिथली कातडी हाडावरच सरकवा, बोटाचं टोक डोळ्याच्या गोळ्यावर येता कामा नये. इथेच सगळ्यात जास्त आकडे बिघडतात. वरची पापणी खेचून धरली की ती कॉर्नियाला वरून दाबते आणि जो अस्टिग्मॅटिझम (दोन दिशांच्या वक्रतेतला फरक) मशीन दाखवतं तो तुमच्या बोटाचा असतो. खात्री करायची असेल तर पापणी पूर्ण सोडून एक रीडिंग घ्या आणि धरून एक, दोन्हीत फरक आला तर सोडलेलं खरं.

पगला आणि शिह त्झूला तर कातडी मागे खेचायचीच नाही. यांची डोळ्याची खोबण उथळ असते, मान आवळून कातडी मागे ओढली तर डोळा पापण्यांच्या बाहेर येऊ शकतो आणि ती इमर्जन्सी आहे. यांचे डोळे तसेही एवढे उघडे असतात की धरावंच लागत नाही. नाकावरच्या घडीचे केस डोळ्यात घुसत असतील तर ओल्या कापसाने बाजूला करा, शिह त्झू-ल्हासाच्या कपाळावरचे केस क्लिपने वर बांधा.

नेम. माणसाला सांगता येतं की लाल दिव्याकडे बघ, कुत्र्याला तसं नाही. मशीनच्या मागे कुणालातरी बिस्किटाची पुडी कुरकुरवायला सांगा, हळू, एकदाच, कान टवकारले की डोळे सरळ होतात. कुत्र्याचे डोळे माणसासारखे अगदी समोर नसतात, प्रत्येक डोळा साधारण २० अंश बाहेर वळलेला असतो, म्हणून नाकासमोर बसून मोजायला गेलात तर कॉर्नियाची नाकाकडची बाजू मोजाल. उजव्या डोळ्यासाठी त्याच्या उजवीकडे थोडं सरका, वर्तुळांचं प्रतिबिंब बाहुलीच्या मधोमध येईपर्यंत. मशीन आडवं राहिलं पाहिजे, डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडणारी रेषा डोक्यात धरा आणि मशीन तिला समांतर, नाहीतर अस्टिग्मॅटिझमचा अक्ष चुकतो.

बटण दाबायच्या आधी एकदा पापणी लवू द्या, लवत नसेल तर बोटांनी अलगद मिटवून सोडा, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदात रीडिंग घ्या. फारच कोरडं वाटलं तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले पातळ अश्रू किंवा साधं सलाइन, एक थेंब, एक मिनिट थांबा. जेल नको, त्याचा जाड थर स्वतःच एक वेगळी वक्रता तयार करतो.

प्रतिबिंबाकडे बघायची सवय लावा. वर्तुळ गोल आणि रेखीव असेल तर घ्या. अंडाकृती दिसलं तर तुम्ही जरा बाजूला हलून बघा, अंड्याची दिशा बदलली तर तुमचा नेम चुकलाय, तशीच राहिली तर कॉर्नियाच तसा आहे. तुटक दिसलं तर अश्रू फाटलेत, एकाच जागी कायम वाकडं असेल तर तिथे व्रण आहे.

एका रीडिंगवर कधीच थांबू नका. प्रत्येक डोळ्याची पाच घ्या, मधे मशीन खाली ठेवून पुन्हा नेम धरून घ्या, नुसतं बटण पाच वेळा दाबू नका. समजा सपाट दिशेला ८.५२, ८.५०, ८.५३, ८.१९, ८.५२ आले, तर ८.१९ वेळी कुत्रा हलला किंवा पापणी दाबली गेली, तो टाकून द्या, पण टाकला असं लिहा. उरलेल्यातला मधला आकडा ८.५२, दुसऱ्या दिशेला धरा ८.४१, म्हणजे ३९.६ आणि ४०.१, सरासरी ३९.९, अस्टिग्मॅटिझम अर्धा डायॉप्टर. चांगल्या रीडिंग एकमेकांच्या अर्ध्या डायॉप्टरच्या आत बसतात. पाचही विखुरलेल्या आल्या तर सरासरी काढून समाधान मानू नका, कुत्र्याला विश्रांती द्या आणि परत घ्या.

भूल देऊन मोजलं तर सोपं नाही का? नाही. मेडेटोमिडिन, डेक्समेडेटोमिडिनसारख्या औषधांनी डोळा आत ओढला जातो, खाली नाकाकडे फिरतो आणि तिसरी पापणी अर्धा कॉर्निया झाकते. चावरा कुत्रा असेल आणि तसाही ऑपरेशनला घेणारच असाल तर पूर्ण भुलीत, स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर डोळा मधोमध येतो तेव्हा मोजा, पण पापण्यांचा स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारा चिमटा) काढून आणि दर अर्ध्या मिनिटाला सलाइन टाकून, कारण आता पापणी लवणार नाहीये.

ज्या डोळ्यात अल्सर आहे तोच मोजायचा हट्ट धरू नका. खरवडलेल्या जागेवर प्रतिबिंबच येत नाही. दुसरा डोळा निरोगी असेल तर तो मोजा, दोन्ही डोळे सहसा जवळपास सारखे असतात, आणि केसपेपरवर स्पष्ट लिहा की हे डाव्याचं माप आहे आणि लेन्स उजव्यासाठी आहे.

बँडेज लेन्ससाठी वक्रतेइतकाच कॉर्नियाचा व्यास लागतो, कॅलिपर डोळ्याला न लावता समोर धरून आडवा मोजा, पांढऱ्याच्या कडेपासून पांढऱ्याच्या कडेपर्यंत. लेन्स त्यापेक्षा थोडी मोठी हवी. माणसांची १४ मिमीची लेन्स स्वस्त पडते म्हणून लॅब्रॅडॉरला लावतात आणि ती तिसऱ्या पापणीच्या दोन फटक्यांत बाहेर येते. बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूच्या वक्रतेचा आकडा, मिमीत लिहिलेला असतो, आकडा मोठा म्हणजे लेन्स सपाट. लावायच्या आधी फ्लुरोसीन नीट धुवा, मऊ लेन्स तो रंग पिऊन बसते. आणि अल्सरमध्ये जंतुसंसर्ग असेल किंवा कॉर्निया वितळत असेल तर लेन्सचा विषयच काढू नका.

लावल्यावर पंधरा मिनिटांनी बघा. पापणी लवताना लेन्स किंचित सरकून परत जागेवर येत असेल तर बरोबर बसलीय. कड उचललेली, इकडेतिकडे भटकणारी असेल तर ती सपाट पडतेय, कमी आकड्याची घ्या. अजिबात न हलणारी, खाली बुडबुडे अडकलेली असेल तर घट्ट आहे, मोठ्या आकड्याची घ्या. घरी पाठवताना गळ्यात शंकूसारखी कॉलर (डोळा खाजवू न देणारी) घालूनच.

आता घरच्यांसाठी. हे माप घरी घेता येत नाही पण तुम्ही अर्धं काम करून ठेवू शकता. आठवडाभर आधीपासून रोज दोनदा तुमच्या तळहातावर त्याला हनुवटी टेकवायला शिकवा, टेकवली की ट्रीट, मग दोन सेकंद, पाच सेकंद, दहा सेकंद, मग दुसऱ्या हाताने त्याच्या डोळ्यासमोर मोबाईल धरून. हे शिकलेला कुत्रा भूल आणि धरपकड दोन्ही वाचवतो. तपासणीच्या दिवशी सकाळी डोळ्यात मलम घालू नका, चालू असलेलं औषध असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि मेडिकलमधून आणलेले, कपाटात पडलेले माणसांचे स्टेरॉइडचे ड्रॉप कुत्र्याच्या लाल डोळ्यात कधीही घालू नका, खाली अल्सर असेल तर त्या ड्रॉपने तो खोल जातो आणि मग मोजायला कॉर्निया शिल्लक राहत नाही. येताना आधीचे कागद आणा, मधुमेह असेल तर शुगरचे रिपोर्टही, आणि आधी कधी वक्रता मोजलेली असेल तर तो आकडा मिमीत आहे का डायॉप्टरमध्ये ते विचारून लिहून घ्या.